सौर घटाचे आयुष्य

(सूर्यप्रकाशापासून वीज तयार करणारे सौर घट आता आपल्या परिचयाचे झाले आहेत. पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचे नवे सौर घट कार्यक्षम आहेत आणि पुढे ते स्वस्तही पडतील अशी आशा आहे. पण ते लवकर खराब होतात. त्यांचे आयुष्य वाढवण्यासाठी अतिसूक्ष्म कणांचा उपयोग कसा केला जातो, याची माहिती या पाठात दिली आहे.)



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात 'घाटावर' आणि 'घाटाखाली' हे दोन शब्द रोज कानांवर पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद घाटाखाली. उन्हाळ्यात घाटाखाली पारा ४२ अंशांच्याही वर जातो. माणसे सावली शोधतात, गुरे झाडाखाली जाऊन बसतात. शेतातील एक वस्तू मात्र भर दुपारी उन्हातच उभी असते आणि त्याच वेळी काम करत असते. ती वस्तू म्हणजे सौर पंपाचे पॅनेल. आपले शेतकरी त्यांना 'सोलरच्या प्लेटा' म्हणतात.

उर्दूत आपण ज्याला 'शम्सी तवानाई' म्हणतो, तीच मराठीतील सौर ऊर्जा. शेतकऱ्याला तिची गरज का वाटते, ते पाहा. शेतीसाठी वीज पुष्कळदा रात्री मिळते. मग हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी देण्यासाठी काळोखात, थंडीत बांधावरून चालावे लागते. साप-विंचवाची भीती असते. सौर पंप दिवसा चालतो, म्हणून ही रात्रपाळी टळते. केंद्र सरकारने २०१९ साली 'पीएम-कुसुम' योजना सुरू केली. महाराष्ट्रात २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना आली. या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने पंपाच्या किमतीच्या १० टक्के रक्कम भरायची, असे ठरले.

पैसे भरले, पॅनेल बसले, पाणी आले. आता प्रश्न उरतो तो एकच: हे पॅनेल किती वर्षे टिकेल?

गावोगावी दिसणारी पॅनेल सिलिकॉनची असतात. चांगल्या सिलिकॉन पॅनेलसाठी कंपन्या साधारणपणे २५ वर्षांची हमी देतात. एवढ्या काळात त्यांची शक्ती थोडी थोडी कमी होते, पण ती काम करत राहतात. सिलिकॉनची अडचण वेगळी आहे. तो वाळूतील सिलिकापासून मिळवतात. शुद्ध सिलिकॉन वितळवण्यासाठी १४०० अंशांहून अधिक तापमान लागते. त्यासाठी मोठ्या भट्ट्या आणि पुष्कळ ऊर्जा खर्च होते. म्हणून शास्त्रज्ञ असा पदार्थ शोधत होते, की जो कमी उष्णतेत तयार होईल आणि ज्याचा अगदी पातळ थर पुरेल. असा पदार्थ त्यांना पेरोव्स्काइटच्या रूपाने मिळाला.

पेरोव्स्काइट हे मुळात एका खनिजाचे नाव आहे. १८३९ साली रशियातील उरल पर्वतात हे खनिज सापडले. जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह रोझ यांनी रशियाचे खनिजतज्ज्ञ लेव पेरोव्स्की यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. या खनिजात अणूंची मांडणी एका विशिष्ट पद्धतीने झालेली असते. तशीच मांडणी असलेल्या इतर पदार्थांनाही आता पेरोव्स्काइट म्हणतात. सौर घटात वापरले जाणारे पेरोव्स्काइट खाणीतून काढत नाहीत. शिसे, आयोडीन आणि एखादे सेंद्रिय क्षार यांच्या द्रावणापासून ते प्रयोगशाळेत तयार करतात. काचेवर हे द्रावण पसरून सुमारे १०० ते १५० अंशांपर्यंत तापवले, की गडद तपकिरी रंगाचा थर तयार होतो. हा थर सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाड असतो. सिलिकॉनच्या घटाची जाडी याच्या कितीतरी पट, म्हणजे सुमारे १५० मायक्रोमीटर असते.

२००९ साली जपानमधील योकोहामा येथे प्रा. त्सुतोमु मियासाका आणि त्यांचे सहकारी यांनी या पदार्थाचा पहिला सौर घट तयार केला. त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. याचा अर्थ, घटावर १०० भाग सौर ऊर्जा पडली तर तिच्यातील ३.८ भागांचीच वीज होत होती. शिवाय त्या घटात एक द्रव होता आणि त्या द्रवात पेरोव्स्काइट काही मिनिटांतच विरघळून जाई. २०१२ साली दक्षिण कोरियातील नाम-ग्यु पार्क आणि इंग्लंडमधील हेन्री स्नेथ यांच्या गटांनी द्रवाऐवजी घन पदार्थ वापरला. कार्यक्षमता १० टक्क्यांच्या जवळ पोहोचली. त्यानंतर ती झपाट्याने वाढली. आज प्रयोगशाळेतील लहान घटांची कार्यक्षमता २६ टक्क्यांहून अधिक आहे.

मग अडले कोठे? एक सोपे गणित करू या. ३ अश्वशक्तीच्या पंपासाठी सुमारे ३००० वॅटची पॅनेल लावतात. समजा, एखाद्याने स्वस्त म्हणून अशी पॅनेल घेतली, की ज्यांची शक्ती दरवर्षी १० टक्क्यांनी घटते. पहिल्या वर्षाअखेर २७०० वॅट उरतील, दुसऱ्या वर्षाअखेर २४३० वॅट. सातव्या वर्षाच्या शेवटी साधारण १४३५ वॅट, म्हणजे निम्म्याहूनही कमी! पंप तोच, विहीर तीच, ऊनही तेच. पण पाणी मात्र अर्धवट. अशा शेतकऱ्याला स्वस्त माल शेवटी महागच पडेल. म्हणून सौर घटाची खरी किंमत ठरवताना कार्यक्षमतेबरोबर टिकाऊपणाही पाहावा लागतो.

पेरोव्स्काइटचे शत्रू कोणते, ते आता पाहू. पहिला शत्रू म्हणजे ओल. पावसाळ्यात घरातील बरणीतले मीठ ओलसर होते, हे तुम्ही पाहिले असेल. पेरोव्स्काइटही क्षारासारखा पदार्थ आहे. हवेतील बाष्प त्याच्यात शिरले, की त्याचे विघटन होते. गडद तपकिरी थर पिवळा पडतो. पिवळा रंग हा शिसे आणि आयोडीन यांच्या साध्या संयुगाचा असतो. हा पिवळा थर वीज तयार करण्याच्या कामाचा राहत नाही.

दुसरा शत्रू उष्णता. हवेचे तापमान ४२ अंश असेल, तेव्हा उन्हातील पॅनेल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापू शकते. पेरोव्स्काइटमधील काही सेंद्रिय घटक उष्णतेने वायू होऊन निघून जातात. तिसरा शत्रू म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरण. ज्या प्रकाशावर घट जगतो, त्याच प्रकाशाचा एक भाग त्याला इजा करतो. चौथा शत्रू घरातलाच आहे. पेरोव्स्काइटमधील आयोडीनचे आयन आपली जागा सोडून भटकतात. भटकत भटकत ते चांदीच्या विद्युतअग्रापर्यंत गेले, तर चांदीलाही खराब करतात.

उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. वरून पाणी आले, की ते आधी भेगांतून खाली उतरते. पेरोव्स्काइटचा थरही असाच लहान लहान स्फटिकांचा बनलेला असतो. दोन स्फटिकांमध्ये जी सीमा असते, तीच त्याची भेग. बाष्प तेथूनच आत जाते आणि आयन तेथूनच भटकतात. एवढ्या बारीक भेगा बुजवायच्या, तर भरावाचा कणही तितकाच बारीक हवा. येथे नॅनोपदार्थ उपयोगी पडतात.

नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा १०० कोटीवा भाग. आपल्या डोक्याच्या एका केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर असते. १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. कणाला उर्दूत 'ज़र्रा' म्हणतात. हा तर ज़र्ऱ्याचाही ज़र्रा झाला! पदार्थ इतका बारीक केला, की त्याचे गुण बदलतात. १ सेंटीमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याच्या सहा पृष्ठांचे एकूण क्षेत्रफळ ६ चौरस सेंटीमीटर होईल. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे १००० तुकडे केले, तर एकूण क्षेत्रफळ ६० चौरस सेंटीमीटर होईल. १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर ते ६०० चौरस मीटर होईल. पदार्थ तेवढाच, पण शेजारच्या पदार्थाशी संपर्क साधण्याची जागा लाखो पटींनी वाढली.

सौर घट हा एकावर एक थर रचून तयार होतो. मध्ये पेरोव्स्काइट असतो. प्रकाश पडला, की त्याच्यात इलेक्ट्रॉन मोकळे होतात. एका बाजूचा थर इलेक्ट्रॉन वाहून नेतो. दुसऱ्या बाजूचा थर इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे धनप्रभार, वाहून नेतो. हे दोन्ही थर मधल्या नाजूक थराचे पहारेकरीही असतात. पहारेकरी दुबळा असेल, तर घर सुरक्षित कसे राहील?

सुरुवातीला इलेक्ट्रॉनच्या थरासाठी टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण वापरत. ते चांगले काम करीत, पण अतिनील किरण पडले, की तेच कण पेरोव्स्काइटच्या विघटनाला मदत करीत. म्हणून पुष्कळ संशोधकांनी कथिलाच्या ऑक्साइडचे नॅनोकण वापरण्यास सुरुवात केली. दुसऱ्या बाजूच्या थरासाठी सेंद्रिय पदार्थ वापरत. ते ओल लवकर आत येऊ देत. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी एका बाजूला निकेल ऑक्साइडचे आणि दुसऱ्या बाजूला झिंक ऑक्साइडचे नॅनोकण वापरून घट तयार केले. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सेंद्रिय थरांचे घट उघड्या हवेत ५ दिवसांत पूर्ण निकामी झाले. नॅनोकणांच्या थरांचे घट ६० दिवसांनंतरही मूळ कार्यक्षमतेच्या सुमारे ९० टक्के काम देत होते. पेरोव्स्काइट तोच होता. बदलले होते ते पहारेकरी.

चीनमधील वूहान येथील संशोधकांनी २०१४ साली आणखी एक मार्ग दाखवला. त्यांनी चांदीऐवजी कार्बनचा जाड थर वापरला. कार्बनला आयोडीन खराब करीत नाही आणि पाणीही तो सहजासहजी आत जाऊ देत नाही. हा घट पूर्ण सूर्यप्रकाशात १००० तासांहून अधिक काळ स्थिर राहिला. त्याची कार्यक्षमता मात्र १२.८ टक्केच होती. काही मिळवायचे, तर काही सोडावे लागते, हा व्यवहाराचा नियम विज्ञानातही दिसतो.

कार्बनचेच एक रूप म्हणजे ग्राफीन. त्याच्या पत्र्याची जाडी एका अणूएवढी असते. ग्रीसच्या क्रीट बेटावर ग्राफीन आणि त्यासारखे पातळ पदार्थ वापरून केलेली ९ पेरोव्स्काइट पॅनेल उघड्यावर बसवण्यात आली. त्यांची एकूण शक्ती २५० वॅटहून अधिक होती. या कामाचा अहवाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. बंद प्रयोगशाळेतून निघून पेरोव्स्काइट खऱ्या उन्हात आला, हे या प्रयोगाचे महत्त्व आहे.

या कामात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. डॉ. सावंता माळी यांनी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संशोधनाचे शिक्षण घेतले. पुढे ते दक्षिण कोरियातील ग्वांगजू येथील चोन्नम राष्ट्रीय विद्यापीठात संशोधन करू लागले. उष्णतेने उडून जाणारा सेंद्रिय घटक काढून टाकून त्याच्या जागी सीझियम हा धातू घातला, तर पेरोव्स्काइट अधिक उष्णता सोसतो. पण त्यातही एक अडचण आहे. सीझियमचा काळा पेरोव्स्काइट साध्या तापमानाला हळूहळू पिवळ्या, निरुपयोगी रूपात बदलतो. डॉ. माळी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पदार्थाची दोन स्फटिकरूपे एकावर एक बसवली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार, सेंद्रिय घटक नसलेल्या या घटाची कार्यक्षमता २१.५ टक्क्यांच्या पुढे गेली.

मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये २०१० साली प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. तेथे प्रा. दिनेश काबरा यांच्या गटाने सिलिकॉन आणि पेरोव्स्काइट यांचा जोडघट तयार केला. वरचा पेरोव्स्काइट निळ्या-हिरव्या प्रकाशाची वीज करतो. खालचा सिलिकॉन उरलेल्या तांबड्या व अवरक्त प्रकाशाची. या जोडघटाची कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. परदेशात असे जोडघट ३४ टक्क्यांपर्यंत पोहोचले आहेत. २०२४ साली इंग्लंडच्या ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने जोडघटांची पहिली पॅनेल विक्रीसाठी अमेरिकेत पाठवली.

याच मुंबईच्या केंद्राने आणखी एक मोलाचे काम केले. २०१३ पासून त्यांची पथके देशाच्या निरनिराळ्या भागांत गेली. वाळवंटात, समुद्रकाठी, डोंगरात बसवलेली जुनी पॅनेल त्यांनी तपासली. थंड प्रदेशापेक्षा उष्ण प्रदेशातील पॅनेल लवकर झिजतात, असे त्यांना आढळले. ही पॅनेल सिलिकॉनची होती. सिलिकॉनसारख्या कणखर पदार्थाची ही स्थिती, तर पेरोव्स्काइटची परीक्षा आपल्या भागात किती कठीण असेल, याचा विचार करा. युरोपातील सौम्य उन्हात टिकलेला घट नांदुऱ्याच्या मे महिन्यात आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात टिकेलच, असे समजून चालणार नाही.

पॅनेल बाजारात येण्यापूर्वी त्याच्या कसोट्या घेतात. त्यांपैकी एका कसोटीत ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या पेटीत पॅनेल १००० तास ठेवतात. १००० तास म्हणजे जवळजवळ ४२ दिवस. २५ वर्षांचे तास किती होतात? २,१९,०००! इतकी वर्षे वाट पाहणे शक्य नसते, म्हणून थोड्या दिवसांत जास्त त्रास देऊन पाहतात. तरीही खरी परीक्षा उघड्या शेतातच होते. तेथे दिवसा ताप, रात्री गारवा, मध्येच पाऊस, वर धूळ आणि पुन्हा ऊन असे चक्र चालू असते.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. पेरोव्स्काइटमध्ये शिसे असते आणि शिसे विषारी आहे. पॅनेल फुटले आणि पावसाचे पाणी आत गेले, तर शिसे जमिनीत उतरू शकते. म्हणून शिसे धरून ठेवणारे थर आणि मजबूत आवरण यांवरही संशोधन चालू आहे. ज्या शेताला पाणी द्यायचे, ते शेतच दूषित झाले तर काय उपयोग?

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे कीमिया म्हणजे रसायनशास्त्र शिकेल, कोणी अभियंता होईल, कोणी शेती पाहील. नवे यंत्र गावात आले, की विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारा: हे किती काम करते, आणि किती वर्षे करील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पेरोव्स्काइटने थोड्याच वर्षांत दिले आहे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी जगभरचे संशोधक एकेका थरावर, एकेका कणावर काम करीत आहेत. ते उत्तर आपल्या घाटाखालच्या उन्हात तपासून पाहणारे हात आपल्यातीलच असतील, तर किती चांगले होईल!

शब्दार्थ

टिकाऊपणा – पायदारी
कार्यक्षमता – कारकर्दगी, काम करण्याची क्षमता
ओल – नमी
थर – परत, तह
विघटन – पदार्थाचे घटक वेगळे होणे
कथील – भांड्यांना कल्हई करण्यासाठी वापरतात तो धातू
विद्युतअग्र – ज्यातून वीज आत येते किंवा बाहेर जाते तो भाग
आवरण – गिलाफ
कसोटी – परीक्षा, इम्तिहान
कणखर – मजबूत

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पेरोव्स्काइट हे खनिज कोठे सापडले?
(आ) २००९ सालच्या पहिल्या पेरोव्स्काइट घटाची कार्यक्षमता किती होती?
(इ) ओल लागल्यावर पेरोव्स्काइटचा रंग कसा होतो?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सौर पंपामुळे शेतकऱ्याचा कोणता त्रास वाचतो?
(आ) पेरोव्स्काइटचे चार शत्रू कोणते?
(इ) लेखकाने स्फटिकांच्या सीमांना काळ्या मातीतील भेगांची उपमा का दिली आहे?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) चांदीऐवजी कार्बनचा थर वापरला.
(आ) उष्ण प्रदेशात पॅनेलची परीक्षा अधिक कठीण असते.

प्र. ४. ३००० वॅटच्या पॅनेलची शक्ती दरवर्षी १ टक्क्याने घटली, तर दोन वर्षांनी ती किती उरेल? पाठातील १० टक्क्यांच्या उदाहरणाशी तुलना करा.

उपक्रम : तुमच्या गावातील सौर पंप किंवा सौर दिवा पाहा. तो केव्हा बसवला, पॅनेल कोण व किती दिवसांनी पुसते आणि पूर्वीपेक्षा काम कमी झाले आहे का, हे विचारून मराठीत दहा ओळी लिहा.